काकांच्या वहीतला पाचवा

आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितेय.

माझे नानाकाका साठच्या दशकात बोटीवर खलाशी होते. परदेशी बंदरांतून जुनी कॉमिक्स आणायचे. इंग्रजी येत नव्हतं, चित्रं बघायचे. आज सकाळी त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. कॉमिक्समध्ये एकदाच येऊन पुन्हा कधीच न दिसलेले परग्रहवासी निवडून त्यांनी स्वतःची फौज बनवली होती. प्रत्येकाला किनाऱ्यावरचं एकेक गाव राखायला दिलं होतं, आपल्या कोकणात गावाची राखण करणाऱ्या राखणदार देवांसारखं.

चौघांची चित्रं कापून चिकटवलेली. पाचवा मात्र पेन्सिलीने काढलेला, तीन डोळ्यांचा. गाव देवबाग. ट्रंकेतल्या एकाही कॉमिकमध्ये तो मिळेना.

दुपारी वही घेऊन देवबागला गेले, काकांचे दोस्त भिकाजीकाकांकडे. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. पाचवं पान बघताच त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"ह्ये चार पुस्तकातले गो. ह्यो हयलो, आमच्या गावचो. खाडीच्या तोंडार आसता. तुझ्या काकान देवळात कौल घेतल्यान, देवाची परवानगी इचारल्यान, मगेच ह्येका काढल्यान."

मी हसले. ते हसले नाहीत. "तू न इचारता काय करूक नाय मां?"

"नाही, काहीच केलं नाही," मी म्हणाले.

खाली फोटो चौघांचेच टाकतेय. पाचव्याचा सकाळीच मोबाईलवर काढलाय. आता तो पुसून टाकू, की पुसायलाही कौल घ्यावा लागेल?