बाभळीची पट्टी

नाव काठावर पालथी पडली होती आणि शेवटचा बोल्ट आवळायचा राहिला होता. सोमाजी नावाड्यानं लोखंडी पट्टीवर हात फिरवला आणि विचारलं, "साहेब, अडकली तं हे निघन का?"

"निघू नये म्हणूनच बसवून राह्यलो, सोमाजी," मी म्हणालो आणि हसलो.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी नवा ओव्हरसियर, आणि वर्धा नदीवरच्या एका घाटाची सरकारी नाव माझ्याकडे होती. नावेच्या तळाला मधोमध एक लांब लाकूड असतं, नावेचा कणाच म्हणा. आम्ही त्याला कील म्हणायचो. आमच्या घाटावर पात्रात काळा खडक होता, त्यावर कील घासायची. म्हणून सोमाजी दर उन्हाळ्यात कीलखाली बाभळीची एक पट्टी लावायचा. तीही बांबूच्या बारीक खुंट्यांनी. पावसाळ्यात ती दोन-तीनदा तुटायची, की हा पठ्ठ्या दुसरी ठोकायचा. मला ते बघवेना. सरकारी नाव आणि बांबूच्या खुंट्या! मी ड्रॉइंग काढलं, वर्ध्याहून लोखंडी पट्टी आणली आणि आरपार बोल्ट मारून बसवली. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो.

भाद्रपदात नदी चढली. बाजाराच्या दिवशी नाव भरून निघाली, मीही नावेत होतो. मधल्या खडकाला नाव लागली. दरवर्षी लागायचीच. पण या वेळी पट्टीचं पुढचं टोक खडकाच्या भेगेत शिरलं आणि तिथंच राहिलं. धारेनं मागची बाजू फिरवली. पट्टी सुटली नाही. ती जिला बोल्टांनी धरून होती ती कील मात्र फळ्यांसकट उखडली. सोमाजीनं एकेकाला हाताला धरून खडकावर उतरवलं. काठावरच्यांनी दोर टाकला. माणसं सगळी वाचली, नाव गेली.

साहेबांनी मला बोलावलं. रिपोर्टात कारण काय लिहिणार, असं विचारलं. मी पट्टीचं नाव घेतलं.

"ड्रॉइंग कुणाचं?"

"माझं, सर."

"मग नावाड्यानं नाव खडकावर घातली असं लिहा."

मी लिहिलं. आज इतक्या वर्षांनीही ते लिहिताना लाज वाटते. नवी नाव आली तेव्हा घाट दुसऱ्याला दिला गेला. बापाच्या वेळेपासून नाव चालवणारा सोमाजी लोकांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागला.

एकदा तो ऑफिसच्या पायरीपाशी भेटला. मी नजर चुकवली, पण त्यानंच विचारलं, "साहेब, मी नाव खडकावर घातली, असं लिवलं का तुमी?"

"लिहिलं, सोमाजी."

तो आवाज न चढवता म्हणाला, "खडकाले तं थे दर साली लागे, साहेब. पट्टी तुटे अन् नाव सुटे."

रिपोर्ट बदलण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

पुढच्या नोकरीत कुठं तकलादू काम दिसलं, की ते बदलण्याआधी मी करणाऱ्याला विचारायचो, हे असं काऊन केलं? सोमाजीला मी विचारलं नव्हतं. त्यानं मला विचारलं होतं, आणि मी हसलो होतो.