दोन दोऱ्यांच्या मधला पारा

आमच्या शेडमधल्या थर्मामीटरला दोन दोरे बांधलेले आहेत. खाली हिरवा, वर लाल. ते मी बांधले, आठवीत असताना.

त्या वर्षी माय आणि आबांनी चौसाळ्याजवळच्या आमच्या रानात कापूस मोडून तुती लावली आणि पत्र्याची शेड घालून रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली. शिकवायला आलेल्या साहेबांनी थर्मामीटर दिला आणि सांगितलं, पारा चोवीस ते अठ्ठावीसमध्ये ठेवा. माय चौथी शिकलेली. आकडे तिला येत होते, पण त्या बारीक रेघा मोजत बसायला तिला वेळ नव्हता. ती म्हणाली, "बाये, कुठून कुठवर ते मला खूण करून दे. बाकी मी बघते." मी चोवीसवर हिरवा आणि अठ्ठावीसवर लाल दोरा गुंडाळला. तेव्हापासून तिचं एकच काम, पारा दोन दोऱ्यांच्या मधी ठेवायचा. थंडीत शेगडी, उन्हाळ्यात ओली गोणपाटं, पत्र्यावर उसाचं पाचट. बाहेर त्रेचाळीस असताना आमच्या शेडमध्ये अळ्या पाला खात असायच्या, आणि तो आवाज बारीक पावसासारखा यायचा.

मी घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., विषय फिजिक्स. बीडच्या वसतिगृहात पोरी विचारायच्या, "तुमच्या घरी किडे पाळतात? ईई!" मी म्हणायचे, "तुझ्या आईच्या पैठणीला विचार." मला त्याची लाज कधी वाटली न्हाई. माझी पुस्तकं, माझी फी, माझा एसटीचा पास, सगळं त्या किड्यांनीच विणलं. आज मी संभाजीनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. उष्णता आणि तापमान यातला फरक दरवर्षी फळ्यावर लिहिते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढची चूक माझी आहे.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती नेमकी उन्हाळ्यात. मायनं माझ्यासाठी त्या उन्हाळ्यातली बॅच घेतली न्हाई. शेड धुतली, चुना मारला, कुलूप लावलं. अळ्या आणल्यापासून अशी मोकळी शेड मी पहिल्यांदा बघितली. ती म्हणाली, "अळ्यांचं परत बी व्हईल. तुजं पयलं लेकरू येकदाच." सव्वा महिना मी आणि लेकरू तिच्याकडं राहायचं, असं दोन्ही घरांत ठरलं होतं.

मुलगी झाली. पंधराव्या दिवशी तिच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या आल्या. आमची खोली स्लॅबची, दुपारी नुसती भट्टी. मी येडी, नवऱ्याला फोटो पाठवला. त्यानं त्याच्या आईला दाखवला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो. लेकराला घाम आलेला दिसला तर मी दोघींना घेऊन जाणार. आपल्या घरी एसी आहे. तिकडं कशाला हाल करायचे?"

फोन स्पीकरवर होता. माय लेकराची लंगोटी घडी करत होती. तिनं घडी पुरी केली, ठेवली, आणि चुलीकडं गेली. ज्या बाईनं माझ्यासाठी शेडला कुलूप लावलं, तिच्या हातातून लेकरू 'हाल' म्हणून उचलून नेणार होते. मला ते सहन झालं न्हाई. मी त्याच दिवशी बीडच्या दुकानात फोन लावला आणि माझ्या पगारातून एसी मागवला.

बुधवारी मेकॅनिक आला. भिंतीला भोकं पाडली, पाइप घातला, स्टॅबिलायझर लावला आणि रिमोट माझ्या हातात देत म्हणाला, "सोळावर टाका मॅडम. दहा मिनिटांत काश्मीर."

मी स्वतःला शहाणी समजून वीसवर ठेवला.

खोली खरंच गार झाली. आबा दारात उभे राहून म्हणाले, "आयला! अळ्यांना लावायचा तर माणसांनाच लावला की बे!" आणि खुर्ची ओढून बसले ते उठेचनात. मला वाटलं, जिंकलो. पण गुरुवारी सकाळी लेकराला शिंका सुरू झाल्या. पाय गार, ओठ कोरडे. मी दुपट्यावर गोधडी घातली, टोपडं घातलं, पायमोजे घातले. तेवढ्यात लाइट गेली. पाऊण तासात खोली तापली आणि तेच लेकरू गोधडीत घामेजून रडायला लागलं. लाइट आली, मी परत वीस. दुपारपर्यंत हे तीनदा झालं. घामोळ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या.

माय दिवसभर बघत होती. चौथ्यांदा मी रिमोट उचलला तेव्हा ती म्हणाली, "काय करायलीस?"

"गार करायलेय."

"किती?"

"वीस. दिसतंय की त्याच्यावर."

"ते तिकडचं झालं." तिनं भिंतीवरच्या एसीकडं बोट केलं. "लेकरू कुठं हाय?"

मी वर बघितलं. एसी भिंतीवर उंच, आणि पाळणा त्याच्या बरोबर समोर, झोतात.

ती शेडचं कुलूप उघडून थर्मामीटर घेऊन आली. शेडमध्ये ती तो कधीच भिंतीला लावत न्हाई. अळ्या ज्या मांडणीवर असतील त्या मांडणीच्या उंचीला टांगते. इथंही तिनं तो पाळण्याच्या दांडीला, लेकराच्या डोक्याच्या पातळीवर बांधला. थोड्या वेळानं आम्ही दोघींनी वाकून बघितलं. पारा हिरव्या दोऱ्याच्या कितीतरी खाली होता. एकोणीस.

हवा गार झाली की जड होते आणि खाली बसते. हे मी पोरांना शिकवते. आकृती काढून शिकवते. आणि माझ्याच लेकराचा पाळणा मी त्या गार हवेच्या तळाशी ठेवला होता.

"अळी गारठ्यानं कमी मरती, बाये," माय म्हणाली. "उनानं बी कमी मरती. घडीत गार, घडीत ऊन झालं की मरती. लेकराचं यगळं असतं व्हय?"

मग तिनं कामाला हात घातला. पाळणा झोतातून काढून दुसऱ्या भिंतीला नेला. मला एसीची पाती वर करायला लावली, म्हणजे हवा छताकडं जाईल. पंखा एकवर. मग म्हणाली, "वाढव." मी बावीस केलं. "थांब." अर्धा तास आम्ही पाऱ्याकडं बघत बसलो. "वाढव." चोवीस. परत अर्धा तास. मला वाटलं होतं ती वैतागेल, पण तिचा तो रोजचा धंदा होता. एसी सत्तावीसवर नेला तेव्हा पारा दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध येऊन थांबला. तिनं लेकराच्या मानेमागं दोन बोटं घातली, मग पायाला हात लावला. "गोधडी काढ. टोपडं बी काढ. येक झबलं बास." कोपऱ्यात पाण्याचं घमेलं ठेवलं, हवा कोरडी पडू नये म्हणून. शुक्रवारी आबांना स्लॅबवर चढवलं आणि पाचट पसरून त्यावर पाणी मारायला लावलं. आबा वरून ओरडत होते, "येवढा एसी आणला, तरी मला वर कावून चढवलं?"

"लाइट काय तुमची पावणी हाय का, सांगून जायला?" माय खालून म्हणाली.

शनिवारी लेकराच्या शिंका थांबल्या. घामोळ्यांची लाली उतरायला लागली.

रविवारी बारा वाजता सासूबाई आणि माझा नवरा आले. गाडीच्या मागच्या सीटवर लेकरासाठी गादी आंथरलेली मला दारातूनच दिसली. मायनं बाहेरच पाण्याची बादली ठेवली होती. "हातपाय धुऊन घ्या, विहीणबाई." मग जरा थांबून, "सेंट लावलाय का?"

"थोडासा. का हो?"

"मंग वाईच वाऱ्याला बसा. वास गेला की आत या."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. अळ्यांना सेंटचा वास सोसत न्हाई, म्हणून आमच्या शेडमध्ये साहेब आले तरी त्यांना हाच कायदा आहे, हे त्यांना कोण सांगणार? नवरा तोंड फिरवून हसला.

पाच मिनिटांनी त्या आत आल्या, पाळण्यापाशी बसल्या आणि वर बघून म्हणाल्या, "एसी चालू आहे ना?"

"चालू हाय की."

"गार लागत नाही. आमच्याकडं अठरावर असतो."

"अन् मंग झोपता कसं?"

"कसं म्हणजे? ब्लँकेट घेऊन."

"म्हंजी आधी गार करायचं," माय म्हणाली, "मंग झाकायचं." आबांना खोकला आला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

सासूबाईंनी लेकराच्या पाठीवर हात फिरवून बघितलं. घाम नव्हता. पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं न्हाई. "आत्ता ठीक आहे. पण लाइट गेली तर?" असं त्या म्हणाल्या, आणि जेवणं उरकतात न उरकतात तोच लाइट गेली. मी देवाशपथ सांगते, असंच झालं. एसीचा आवाज बंद पडला, पंखा फिरत फिरत थांबला, आणि सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत गाडीतली गादी होती.

माय घाई न करता उठली. टपात गोणपाटं सकाळपासून भिजत घातलेली होती. आबांनी ती पिळून खिडकीवर बाहेरून लावली, एक दारावर सोडलं. मग माय म्हणाली, "समदे बाहेर व्हा. माणसाची ऊब लई असती." नवरा बाहेर गेला. सासूबाई उठायला लागल्या तसं मायनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी न्हाई. तुमी हितं बसा. ह्यो पारा लाल दोऱ्याला टेकला की मला हाक मारा."

आणि ती बाहेर निघून गेली.

मी बाजेवर, सासूबाई पाळण्याशेजारी, मध्ये तो लाकडी पट्टीवरचा थर्मामीटर. सुरुवातीला त्या मला सांगत होत्या की आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे. मग हळूहळू बोलणं कमी झालं. त्या पुढं वाकून बसल्या. पारा चढायचा, पण एका ठरलेल्या संथ चालीनं. "अजून आहे दोन बोटं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. लेकरू जागं झालं, प्यायलं, परत झोपलं. सासूबाई हातपंख्यानं वारा घालत होत्या आणि डोळे दोऱ्यावर.

तासाभरानं त्यांनी हाक मारली. "विहीणबाई! टेकला बघा! टेकला!"

माय बादली घेऊन तयारच होती. गोणपाटांवर बाहेरून पाणी मारलं, लेकराचं झबलं बदललं, पाळण्यावर ओलं लुगडं लांबून धरून दोन-चार वेळा हलवलं. पारा लाल दोऱ्याच्या थोडा वर गेला, तिथं घुटमळला, आणि परत दोऱ्यावर येऊन बसला. बाहेर आबांच्या मोबाइलवर बेचाळीस दाखवत होतं.

अडीचच्या सुमाराला लाइट आली. रिमोट सासूबाईंच्या हाताजवळ होता. त्यांनी सवयीनं उचलला, बटणावर बोट ठेवलं आणि थांबल्या.

"किती करायचं?" त्यांनी विचारलं. मला न्हाई, मायला.

"सत्तावीस."

त्यांनी सत्तावीस केलं. मग लेकराच्या मानेमागं, मायनं घातली होती तशीच दोन बोटं घातली. "कोरडी आहे," त्या म्हणाल्या. मग दाराकडं तोंड करून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "चहा झाला की निघू. मांजरसुंब्याच्या पुढं ट्रक फार असतात."

"आणि या दोघी?" त्यानं विचारलं.

"सव्वा महिना व्हायचाय ना अजून? ठरलंय ते ठरलंय."

माय तिथंच उभी होती. तिनं पदरानं थर्मामीटरच्या काचेवरचा पाण्याचा थेंब पुसला आणि चहा टाकायला गेली. तिनं त्या दिवशी चहात इतकं आलं घातलं की आबांना ठसका लागला.

गादी मागच्या सीटवर रिकामीच परत गेली.

सव्वा महिन्यानं मी निघाले तेव्हा नव्या बॅचची अंडी यायची होती, म्हणून थर्मामीटर शेडमध्ये परत गेला. संभाजीनगरला घरात पाऊल टाकलं तर बेडरूममध्ये नवाकोरा थर्मामीटर टांगलेला. सासूबाईंनी आणलेला, पडद्याच्या दांडीला, पार वर. मी तो काढला आणि पाळण्याच्या उंचीला बांधला. सासूबाईंनी न सांगता शिवणाचा डबा उघडला आणि हिरवी आणि लाल रिळं माझ्यापुढं धरली.

शेजारच्या काकू लेकराला बघायला आल्या होत्या. "हे कशाचे दोरे गं? नजर लागू नये म्हणून?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या विहिणीची पद्धत आहे. आधी हात धुऊन या."