डॉक्टरांनी गहू सांगितला होता

माझी मुलगी अंग धरत नाही, यासाठी घरातले सगळे मला जबाबदार धरत. त्या सगळ्यांत मीही होतो. पिंकी दोन वर्षांची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. म्हणून मी मालाडच्या बाजारातून गव्हाचं सत्त्व आणायचो, पाव आणायचो, बिस्किटं आणायचो. मी जितकं आणावं तितकी ती सुकायची. (मग मी आणखी आणायचो.)

बोरिवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी माझी खरेदी ऐकून पेन खाली ठेवलं.

"तिला गहू सोसत नसावा. सीलिॲक म्हणतात याला. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळायला लावून आतड्याचा छोटा तुकडा तपासावा लागेल."

"आजपासून गहू बंद करतो."

"अजिबात नाही. तपासणीपर्यंत रोज गव्हाचं द्या. बंद केलंत तर आतडं सुधारेल आणि आम्हाला काही दिसणार नाही."

म्हणजे ज्याने पोर आजारी पडते, तेच तिला भरवायचं! सुलभा, माझी बायको, सकाळच्या पाळीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दात घासता घासता मी आईलाच बजावलं, "तपासणीपर्यंत पिंकीला रोज गव्हाचं दे. दुसरं काही नको."

"बरां," आई म्हणाली.

पोरीला ते खाताना बघवणार नाही म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलोही नाही. संध्याकाळी सुलभा वरणभात भरवायची. आणि पिंकी चक्क हसायला लागली. गाल वर आले. मी रडवेला होऊन सुलभाला गाठलं.

"सुलभा, ही सुधारतेय गं."

"मग रडताय काय?"

"गहू खाऊन सुधारतेय! म्हणजे आजार दुसराच असणार. मोठा."

"तुम्ही आधी जेवून घ्या."

तपासणीच्या दिवशी आई सोबत होती. डॉक्टरांनी पिंकीचं पोट दाबलं, वजन केलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"काय देता हिला?"

"घावनां," आई अभिमानाने म्हणाली. "नारळाच्या रसात बुडवून."

"कसल्या पिठाची?"

"तांदळाची. दुसऱ्या कसल्या असतली?"

"आई, मी गव्हाचं म्हटलं होतं!"

"तोंडात फेस घेवन घावनाचां म्हटलंस. माका वाटलां, डागदर शाणो आसा."

डॉक्टर खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. "आज तपासणी नाही," ते म्हणाले. "पण अर्धं उत्तर आजींनी दिलंय. आता खरोखर गहू द्या, मग या."

या वेळी मी स्वतः भरवलं. चपातीचा घास पुढे केला की पिंकी माझा हात ढकलून म्हणायची, "घावन." पोट पुन्हा फुगलं, ती पुन्हा किरकिरी झाली, आणि मी घास करतच राहिलो. कॅप्सूलच्या दिवशी तिच्या तोंडातून लोंबणारा दोरा बघून उलटी मला आली. नर्सने मला बाहेर बसवलं.

निदान तेच निघालं. गहू कायमचा गेला, घावनं राहिली, आणि पिंकी बाळसं धरू लागली.

तेव्हापासून तोंडात ब्रश असताना मला घरात कोणी काही विचारत नाही. खरं सांगायचं तर ब्रश नसतानाही फारसं विचारत नाहीत.