धाकट्या बहिणीचे इलेक्ट्रॉन

दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडायचा प्रयोग मी कुडाळच्या कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले. धाकटी बहीण तो परदेशी प्रयोगशाळेत स्वतः करते. गणपतीला आली तेव्हा तिने आईला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. इलेक्ट्रॉन एकेक करून सुटत होते, पडद्यावर एकेक ठिपका पडत होता. ठिपके वाढले तसे त्यांचे पट्टे दिसू लागले, दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर होतात तसे.

"येकटोच सुटता, मगे मिसळता कोणाबरोबर?" आईने विचारलं.

"आपल्याच बरोबर," बहीण म्हणाली.

आईने मला असं कधीच काही विचारलं नव्हतं. मी आत जाऊन खोबरं खवत बसले. शेवटी राहवेना, बाहेर आले.

"माका दाखव गो."

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. हेवा काही कमी झाला नाही.