चिंचेनं घासलेलं पातं

श्रीगोंद्याच्या आठवडी बाजारात एक बाई मोड-भंगार घेऊन बसायची. मी शाळामास्तर, जुनी नाणी जमवायचा मला नाद. भीमेच्या वाळूत सापडलेलं नाणं ती माझ्यासाठी राखून ठेवायची आणि पदराला पुसून, प्रसाद द्यावा तसं हातावर ठेवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तिच्या पोत्यात मला कांस्याचं भाल्याचं पातं दिसलं. त्यावर शेकडो वर्षांचा हिरवा गंज होता. मला ते हवंच होतं, पण घाई दाखवली तर ती भाव वाढवेल म्हणून मी तोंड वाकडं केलं. "फारच घाण आहे. बघू पुढच्या बाजारी," म्हणालो.

पुढच्या बाजारी तिनं फडकं सोडलं. पातं नव्या तांब्यासारखं लखलखत होतं. चिंच, मीठ आणि राख लावून तिनं ते आठवडाभर घासलं होतं. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मावशी, वाटोळं केलं! सगळी किंमत त्या हिरव्या रंगातच होती."

तिनं बोटं पदरात गुंडाळली.

"तुमी गुरुजी हाय ना? मंग तवाच का न्हाई शिकवलं?"

तिनं पातं पितळेच्या मोडीत फेकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

घरी पोचेपर्यंत मी हळहळत होतो, तो त्या पात्यासाठी. तिची बोटं मला फार उशिरा आठवली.