आभारप्रदर्शनातलं एक वाक्य

हे बायकोला माहीत नाही. माझ्या आभारप्रदर्शनांना पोट धरधरून हसणाऱ्या मित्रांना तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतोय, विचारू नका — मलाही कळत नाही. पण परवा कुणीतरी पुन्हा म्हणालं, "सर, आभार तुम्हीच माना, तुमच्यासारखं दुसऱ्याला जमत नाही," आणि मला असा काही वैताग आला की वाटलं, पुरे झालं आता.

साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात भाषांतर आणि तौलनिक साहित्यावर दोन दिवसांचा परिसंवाद होता. परिसंवाद म्हणजे काय असतं ते तुम्हीही कधीतरी भोगलं असेलच. चाळीसगावची गाडी रखडलेली, म्हणून पुण्याचे प्रमुख पाहुणे रखडलेले, म्हणून समई नुसतीच तेल पीत बसलेली. माइक किंचाळतोय. पाहुणे आले ते तौलनिक साहित्य बाजूला ठेवून लंडनच्या थंडीवर तासभर बोलले! मग शाल, श्रीफळ, भरीत-भाकरी. आणि जेवणं झाल्यावर, अर्धं सभागृह पेंगायला लागलं की — स्थानिक मंडळींचे निबंध. स्थानिकांची लायकी तेवढीच, हे संयोजकानं आधीच ठरवलेलं. संयोजक कोण? मीच.

त्या पेंगणाऱ्यांपुढे विमल उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी, साक्रीकडची, आमच्याकडे तात्पुरती शिकवायला लागलेली. तिचा प्रश्न साधा होता — परदेशी कथेतली खेडवळ बाई मराठीत आली की पुण्याच्या शाळेतल्या बाईंसारखी का बोलते? तिनं अशा एका कथेतला उतारा थेट आपल्या खानदेशीत आणला होता. मुलगा शहरात निघून गेलाय, आणि आई त्याला म्हणते, "तू गया आन् घर उगंमुगं व्हई गयं." म्हणजे, तू गेलास आणि घर गप्प होऊन गेलं.

पेंगणारे जागे झाले. पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं, मान डोलावली. विमलला त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करायची होती. तिचा सगळा जीव त्या मान डोलावण्यात अडकला होता.

आणि मला काय वाटलं? अभिमान? छे! लाज वाटली. कारण मीही साक्रीकडचाच. घरी आईशी हेच बोलायचो. कॉलेजात मात्र असं घासूनपुसून मराठी बोलायचो की नवी माणसं मला पुण्याचाच समजत. मी समजू दिलं. आणि आता ही पोरगी तेच बोलणं घेऊन खुशाल व्यासपीठावर उभी, आणि पुण्याचे पाहुणे डोलताहेत? मग मी इतकी वर्षं जे लपवलं ते कशासाठी?

शेवटी आभार. मंडपवाल्याचे मानले, आचाऱ्याचे मानले, माइकचेसुद्धा मानले, लोक हसले. मग म्हणालो, पाहुणे आता निघणार, तर विमलबाईंच्या भाषेत सांगायचं म्हणजे — आणि नाकातून, भांडकुदळ बाईसारखा आवाज काढून, हात नाचवत मी तेच वाक्य म्हटलं. सभागृह खो खो हसायला लागलं. पाहुणे चष्मा काढून डोळे पुसत होते. "बोलीची गंमतच वेगळी!" म्हणाले, आणि पेन खिशात ठेवून दिलं. तिचा निबंध त्यांनी मागितला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. विमल पहिल्याच रांगेत होती. तीही हसली — चारचौघांत हसावं लागतं तशी.

एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गिळून बसलो असतो का? ते वाक्य विमलचं नव्हतं. शब्द अडला की ती आमच्या घरी येऊन माझ्या आईजवळ बसायची. मी शिकायला जळगावला गेलो, त्या दिवसाबद्दल आईनं तिला ते सांगितलं होतं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो. मी ऐकलं होतं. म्हणजे नाकातून बोलताना, हात नाचवताना — मला ठाऊक होतं, हे कुणाचं आहे आणि कुणाबद्दल आहे.

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी.

"नाना, मना शब्द आवडनात का त्यासले?"

"आवडनात माय. बठ्ठासले आवडनात." आवडले, म्हटलं, सगळ्यांना आवडले.

तिनं ते गल्लीभर सांगितलं. पुण्याच्या साहेबांना आपलं बोलणं आवडलं म्हणून. दळण आणायला गेली तरी तेच, कुणी पाहुणा आला तरी तेच. मला ते ऐकून चीड यायची. कुणाची? तिची! सांगा, काय म्हणायचं अशा माणसाला?

वर्ष संपता संपता विमलनं आमचं कॉलेज सोडलं आणि जळगावच्या एका शाळेत नोकरी धरली. जाण्याआधी आईला भेटायला आली. मी समोरच चहाचा कप घेऊन बसलो होतो. आई लगेच सुरू झाली, पुण्याचे साहेब कसे खूश झाले ते. मग थांबून तिनं विचारलं, "खरं शे ना वं विमल? तू व्हती ना तठे?"

विमलनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हां अक्का," ती म्हणाली, "खूप टाया वाजन्यात."

खूप टाळ्या वाजल्या, एवढंच सांगून ती आईच्या पाया पडली आणि निघाली. मी खुर्चीतून उठलो नाही.