वाटणीचा निरोप

बिनसाखरेचा चहा दिसला की अण्णा अजून आठवतात. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी कचेरीत लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, त्यामुळे चालणंही ताठ. दुष्काळात उदगीरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, ओस पडल्यावर तिथले अडते असलेले अण्णा लातुरात राहायला आले. कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा सांगताना रोज हसून म्हणायचे, "साखर नको रे, घरची हाय." त्यांचे वडील अन् थोरले बंधू दोघंही मधुमेही, दोघंही हृदयविकारानं गेलेले. ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे घराण्यातूनच येतंय. भावांनाही तपासा."

त्यांनी उदगीरला निरोप धाडला, "जमिनीची वाटणी करायची हाय, या." तिन्ही भाऊ पहिल्या एसटीनं हजर! हे त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेले.

धाकटा चिडला, "अण्णा, फसवलंत की!"

"तपासायला ये म्हटलं असतं तर आला असतास का, लेका?"

दुपारी चौघं हॉटेलात आले. धाकट्याच्याच रक्तात साखर निघाली होती, कार्डिओग्रामही बिघडलेला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी थट्टा केली नाही.

"दोन साखरेचे, दोन बिनसाखरेचे," एवढंच म्हणाले.